टोलेडो: ‘अर्ध्या दिवसात होतं’ म्हणणाऱ्यांसाठी

सांजवेळ – ३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

माद्रिदला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, टोलेडोबद्दल एकच उत्तर मिळतं: “अर्ध्या दिवसात होतं.” सकाळी जा, कॅथेड्रल बघा, नदीपलीकडून फोटो काढा, संध्याकाळी परत. आमचंही तेच ठरलं होतं. पण आईचा गुडघा आडवा आला. एवढा चढउतार तिला एका दिवसात झेपणार नाही म्हणून दोन रात्री मुक्काम टाकला आणि आता त्या गुडघ्याचे आभार मानावेसे वाटतात.

माद्रिदच्या आतोचा स्टेशनातून गाडी अर्ध्या तासात पोचवते. टोलेडोचं स्टेशनच एवढं देखणं आहे, रंगीत काचा, कोरीव लाकडी छत, नक्षीच्या विटा, की आई फलाटावर थांबून म्हणाली, “बघायचं ते हेच का?” मी म्हटलं, हे तर शंभर वर्षांपूर्वीचं नवं बांधकाम, जुनं वर आहे. तिने वर पाहिलं आणि गप्प झाली. ग्रॅनाइटचं टेकाड, ताखो नदीचा त्याला तिन्ही बाजूंनी वळसा, आणि वर दाटीवाटीने बसलेलं मातकट रंगाचं गाव.

पहिल्या दुपारी मात्र निराशा झाली. सोकोदोवेर चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक गाइडच्या हातात छत्री, मागे चाळीस माणसं. कॅथेड्रलजवळच्या बोळात समोरून एक गट आला की भिंतीला चिकटून उभं राहायचं. आई म्हणाली, “दिवाळीच्या आदल्या दिवशीची तुळशीबाग आहे ही.”

सहा वाजले, बस निघाल्या आणि गाव उरलं. दुकानांची शटर पडली, बोळांत पिवळे दिवे लागले, कुठल्यातरी खिडकीतून भांड्यांचा आवाज यायला लागला. आम्ही दीड तास नुसते फिरलो. नकाशा बघितला नाही, त्याचा उपयोगही नव्हता. त्या बोळांत फोनमधला निळा ठिपका सैरावैरा पळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली जागा क्रिस्तो दे ला लूस. हे फार छोटं प्रकरण आहे, आपल्याकडच्या एखाद्या गावातल्या देवळाच्या गाभाऱ्याएवढं. मूळची मशीद. दर्शनी भिंतीवर विटाच पुढेमागे बसवून अरबी अक्षरं काढली आहेत. ती मशीद कुणी स्वखर्चाने बांधली आणि कधी, हे त्यात लिहिलंय. साल निघतं ९९९. हजार वर्षं ती अक्षरं ऊनपाऊस खात तिथे आहेत. आत चार खांब, त्यामुळे नऊ चौकोन, आणि नऊही चौकोनांवरचे घुमट वेगवेगळे! एकात पट्ट्या चांदणीसारख्या छेदतात, दुसऱ्यात चौकटीसारख्या. बांधणाऱ्याने ‘काय काय येतं मला ते बघा’ म्हणून नमुन्याची पेटी उघडल्यासारखं वाटतं. पुढे तिचं चर्च झालं तेव्हा मागच्या अंगाला अर्धगोल भाग जोडला, तोही मुसलमानी धाटणीच्या वीटकामात. कारण गवंडी तेच होते.

तिथून सांता मारिया ला ब्लांका. नाव चर्चचं, बांधलं सिनॅगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) म्हणून, आणि आत उभं राहिलं की मशिदीत आल्यासारखं वाटतं: पांढरे अष्टकोनी खांब, त्यावर घोड्याच्या नालेसारख्या कमानी, रांगांमागून रांगा. आई तिथल्या बाकावर अर्धा तास बसून होती.

कॅथेड्रलवर पानंच्या पानं लिहिता येतील (१२२६ ला सुरुवात, १४९३ ला पूर्ण), पण माझ्या डोक्यात दोनच गोष्टी राहिल्या. एक ‘त्रान्सपारेंते’. १७२९ ते ३२ मध्ये नार्सिसो तोमेने मुख्य वेदीच्या मागे उजेड यावा म्हणून पाच शतकांपूर्वीच्या छताला चक्क भोक पाडलं. त्या भोकाच्या कडेने देवदूत बसवले आहेत आणि ऊन वरून त्यांच्या अंगावरून खाली सांडतं. दुसरी, छताला लटकलेल्या लाल टोप्या. कार्डिनल गेला की त्याच्या थडग्यावर त्याची टोपी टांगतात आणि ती कुजून आपोआप पडेपर्यंत कुणी काढत नाही. काहींच्या आता नुसत्या चिंध्या लोंबतायत.

तर माझं म्हणणं एवढंच की अर्ध्या दिवसात टोलेडो बघून होत नाही, उरकून होतं. तुमचे अनुभव लिहा.

गूळपोळी – ३ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मस्त लिहिलंयस गं! टोप्यांचं वाचून अंगावर काटा आला. शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं ते सांग. आमच्या ह्यांना दोन दिवस चीज-पाव दिला तर घटस्फोट होईल.

माद्रिदचा_बंडू – ३ नोव्हेंबर, रात्री ११:३०

लेख छान, पण मत पटलं नाही. मी अकरा वर्षं इथे आहे, आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन आठ-नऊ वेळा टोलेडो झालंय, दर वेळी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. सात दिवसांत माद्रिद, बार्सिलोना, ग्रनादा, सेव्हिया करणाऱ्या माणसाला ‘दोन रात्री राहा’ सांगणं म्हणजे त्याची रजा तुम्ही मंजूर करणार का?

कामाचं लिहितो. स्टेशनवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं, आल्कांतारा पुलावरून. चढ आहे, ज्याला नको त्याने सोकोदोवेरची बस धरावी. गावाच्या दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पोटात सरकते जिने आहेत, फुकट. मनगटाला बांधायच्या पट्टीचं एक तिकीट मिळतं, त्यात सात ठिकाणं येतात: क्रिस्तो दे ला लूस, सांता मारिया ला ब्लांका, सांतो तोमे, सान हुआन दे लोस रेयेस वगैरे. कॅथेड्रल त्यात नाही, ते वेगळं. एल त्रान्सितो हे दुसरं जुनं सिनॅगॉगही वेगळं, पण ते शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी फुकट असतं. सोमवारी बंद. दुपारी दोन ते पाच बरीचशी दुकानं झोपतात. जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशी गाठतं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

आणि आलकाझारच्या (जुना राजवाडा-किल्ला) सगळ्यात वरच्या मजल्यावर सार्वजनिक ग्रंथालय आहे, त्याच्या कॅफेतून गाव दिसतं. पर्यटकांना हे माहीत नसतं, खाली सैन्याचं संग्रहालय बघून निघून जातात.

काटेकोर – ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

दोन गोष्टी.

१. उच्चार ‘तोलेदो’. बाकी सगळी स्पॅनिश नावं नीट लिहिलीत आणि गावाचंच इंग्रजी केलंत!

२. सांता मारिया ला ब्लांकाबद्दल वाचून लोक आता ‘तीन धर्म कसे गुण्यागोविंदाने नांदत होते’ सुरू करतील, म्हणून आधीच सांगतो. पर्यटन खात्याच्या फलकांवर ‘तीन संस्कृतींचं शहर’ लिहिलेलं असतं. नांदत होते हे खरं, पण कुणाच्या मर्जीने? १३९१ मध्ये इथल्या ज्यूंची कत्तल झाली. तुमचं ते शांत पांढरं सिनॅगॉग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हिसकावून चर्च केलं, पुढे त्याचा सैनिकांची बराक आणि गोदाम म्हणूनही वापर झाला. १४४९ मध्ये याच गावाने ठराव केला की ज्यूंचे ख्रिस्ती झालेल्यांना नगराच्या पदांवर घ्यायचं नाही. म्हणजे धर्म बदलूनही सुटका नाही, रक्त तपासणार. १४९२ ला तर धर्म न बदललेल्या सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर काढलं.

एल त्रान्सितो बांधणारा सामुएल हा-लेवी राजा पेद्रोचा खजिनदार होता. भिंतीवर हिब्रू ओळींच्या शेजारी कास्तिलच्या राजचिन्हातले किल्ले आणि सिंह कोरलेत, राजाशी इतकी जवळीक. त्याच राजाने पुढे त्याला पकडलं, हाल केले, त्यातच तो मेला. भिंतीवरचे सिंह मात्र जागेवर आहेत.

सांजवेळ – ४ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

@काटेकोर, गुण्यागोविंदाने असं मी कुठेही लिहिलेलं नाही हो. पण मुद्दा मान्य. टोलेडो मात्र राहू द्या, शीर्षक बदललं तर शोधणाऱ्यांना धागा सापडणार नाही.

तुमच्याच मुद्द्याला जोडून एक, जे मला तिथे गाइडने दाखवलं. १०८५ मध्ये सहाव्या आल्फोन्सोने गाव घेतलं तेव्हा मुख्य मशीद मुसलमानांकडेच राहील असं वचन दिलं होतं. राजा बाहेर गेल्यावर राणीने आणि आर्चबिशपने ती बळकावली. राजा संतापून परत येतोय, आता ह्यांना शिक्षा होणार, तेव्हा मुसलमानांचाच फकीह (धर्मशास्त्री) अबू वलीद पुढे जाऊन म्हणाला, त्यांना माफ करा. ही परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे. पण त्या फकीहाचा पुतळा कॅथेड्रलच्या मुख्य वेदीपाशी खांबावर उभा आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला. ज्याची मशीद गेली त्याचा पुतळा तिच्या जागी झालेल्या चर्चमध्ये! हे कौतुक म्हणायचं की मखलाशी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

@गूळपोळी, खाण्याचं रात्री लिहिते, ऑफिसात आहे.

तिरसट_काका – ४ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. एकूण वेळ चार तास. त्यातले पन्नास मिनिटं तलवारींच्या ‘कारखान्यात’. कारखाना म्हणजे एक म्हातारा काळ्या पोलादावर सोन्याची तार ठोकत बसलेला आणि त्याच्यामागे एकरभर दुकान. सांतो तोमेच्या दारात गाइड म्हणाला, “आत एल ग्रेकोचं जगप्रसिद्ध चित्र आहे, आपल्याला वेळ नाही.” आमच्या गटातल्या एकाने चिलखताची प्रतिकृती घेतली. गुडघ्यापर्यंत येणारी. ती त्याने मांडीवर घेऊन माद्रिदपर्यंत आणली.

तर सांजवेळ यांना अनुमोदन. अर्धा दिवससुद्धा मिळत नाही, पाव मिळतो.

दुर्गवेडा – ४ नोव्हेंबर, दुपारी १:२०

काका, त्या म्हाताऱ्याला नावं ठेवू नका, ते सोन्याच्या तारेचं काम खरंच जुनं आहे, दमिश्कवरून नाव पडलंय. आपल्या कोफ्तगरीचं भावंड.

तलवारींचा विषय निघालाच आहे तर, भवानी तलवार टोलेडोचीच होती ना?

काटेकोर – ४ नोव्हेंबर, दुपारी २:००

हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या धाग्यावर येतो. एवढंच ठाम सांगता येतं: मराठे सरळ, लांब, युरोपी पात्याची तलवार वापरत, तिला ‘फिरंग’ म्हणत. पातं जहाजातून यायचं, मूठ इथे बसवायचे, खोबळ्याची, लांब परज असलेली. पण फिरंग म्हणजे टोलेडोच असं समजू नका. जर्मनीतल्या सोलिंगेनची पातीही ढिगाने येत, आणि टोलेडोचं नाव चालतं म्हणून इतर ठिकाणचे लोहार आपल्या पात्यावर टोलेडोच्या कारागिरांची नावं कोरत. त्यामुळे पात्यावर काय लिहिलंय यावरून गाव ठरत नाही. बनावट माल तेव्हाही होता.

तिथे खुद्द तलवारीचा राजेशाही कारखाना तिसऱ्या कार्लोसने १७६१ मध्ये काढला. आता त्या आवारात विद्यापीठ आहे.

गणितमास्तर – ४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

तलवारी राहू द्या. टोलेडोशी आपलं खरं नातं वहीतलं आहे.

दहावीच्या भूमितीत वर्तुळाची ‘जीवा’ शिकलात? आपल्या ज्योतिषगणितात अर्ध्या जीवेला ज्या किंवा जीवा म्हणत. अरबांनी तो शब्द तसाच उचलला, जीबा. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे नंतरच्या वाचणाऱ्यांनी तो ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीवरचा घोळ. हिंदीतला ‘जेब’ तोच. पुढे बाराव्या शतकात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेताना भाषांतरकाराने इमानेइतबारे घोळाचं लॅटिन केलं: सायनस. त्यावरून साइन! याचं श्रेय बहुधा क्रेमोनाच्या जेरार्डला देतात. हा गडी इटलीतून टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्राचा ग्रंथ शोधत टोलेडोला आला, तिथली अरबी पुस्तकं बघून हरखला, अरबी शिकला आणि मरेपर्यंत (११८७) तिथेच राहून सत्तरहून जास्त ग्रंथ लॅटिनमध्ये केले. म्हणजे बंडूशेठ, त्यालाही अर्धा दिवस पुरला नाही.

काम कसं चाले तेही मजेशीर आहे. अनेकदा दोघं बसत. अरबी जाणणारा, बऱ्याचदा ज्यू किंवा अरबाळलेला ख्रिस्ती, मजकूर मोठ्याने बोलीभाषेत सांगे, आणि दुसरा त्याचं लॅटिन लिहून काढी.

आणि करटक-दमनक? पंचतंत्रातले ते दोन कोल्हे पहलवीतून (जुन्या फारसीतून) अरबीत गेले तेव्हा ‘कलीला आणि दिम्ना’ झाले. टोलेडोतच जन्मलेल्या दहाव्या आल्फोन्सोने गादीवर बसायच्या आदल्या वर्षी, १२५१ मध्ये, त्याचं कास्तिलियन करवून घेतलं. स्पॅनिश गद्याच्या पहिल्या मोठ्या पुस्तकांपैकी ते एक आहे.

गूळपोळी – ४ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०२

बापरे, आल्फोन्सो दहावा! हापूसला आल्फोन्सो म्हणतात तो हाच का?

पणजीकार – ४ नोव्हेंबर, रात्री ८:१५

नाही हो, आंब्याचं नाव आमच्याकडच्या पोर्तुगीज अफोन्सोवरून, म्हणजे आल्बुकर्कवरून. कलमं पाद्र्यांनी केली, नाव त्याला मिळालं.

पण गोव्याचा धागा दुसरीकडून जुळतो. ज्या ताखोचा टोलेडोला वळसा आहे ती नदी पुढे पोर्तुगालात शिरते, तिचं नाव ‘तेजो’ होतं आणि लिस्बनला ती समुद्राला मिळते. १४९७ मध्ये वास्को द गामा त्याच मुखातून निघाला. मी आल्कांतारा पुलावर उभा राहून ते हिरवट पाणी बघत होतो तेव्हा हेच डोक्यात. हे पाणी आमच्या घरावरून गेलंय. बाकी ‘आल्कांतारा’ हे मूळ अरबी ‘अल-कन्तरा’, म्हणजेच पूल. तेव्हा पुएंते दे आल्कांतारा म्हणजे ‘पूल पूल’. आणि सोकोदोवेर म्हणजे ‘सूक अद-दवाब्ब’, जनावरांचा बाजार. आज तिथे बर्गर विकतात.

पंपवाला – ५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे माझं टोलेडो वेगळं आहे. गाव टेकडीवर, नदी शंभर मीटर खाली. लोक प्यायचे काय? गाढवावरून घडे वाहून आणणारे पाणके होते. मग हुआनेलो तुरियानो नावाचा घड्याळजी, सम्राट पाचव्या कार्लोसचा खास माणूस, त्याने १५६९ मध्ये नदीकाठापासून आलकाझारपर्यंत यंत्र उभं केलं. नदीच्या प्रवाहावर चाक फिरायचं आणि त्याच्या जोरावर पळ्यांची माळ डुलायची. एक पळी वर होऊन दुसरीत ओतते, दुसरी तिसरीत, असं करत पाणी डोंगर चढतं. विजेशिवाय, दाबाच्या नळाशिवाय, नव्वद-शंभर मीटर! नळ वापरले असते तर तळाशी एवढ्या दाबाने तेव्हाचे नळ फुटले असते, हे त्याने ओळखलं होतं. यातली मेख ज्याने पंप बसवलाय त्यालाच कळेल.

ठरलेल्यापेक्षा दीडपट पाणी चढलं. आणि बिल? नगरपालिका म्हणाली, पाणी तर राजाच्या वाड्यात जातं, आम्ही का द्यावं. राजाचे लोक म्हणाले, करार गावाशी. बिचाऱ्याने गावासाठी दुसरं यंत्रही बांधलं. १५८५ मध्ये कर्जात बुडून गेला. मी निवृत्त होताना माझ्याकडच्या एका ठेकेदाराची फाइल अशीच दोन खात्यांच्या मधे पडली होती, त्याची आठवण झाली.

यंत्राचं आज काही उरलेलं नाही. पण कॅथेड्रलशेजारी ‘ओंब्रे दे पालो’ म्हणजे ‘लाकडी माणूस’ नावाची गल्ली आहे. हुआनेलोने चालणारा लाकडी बाहुला केला होता, तो रस्त्यावरून भीक मागत फिरे, अशी दंतकथा आहे. बिल न मिळालेल्या माणसाच्या नावावर भीक मागणारं यंत्र. गावानेच टोमणा मारून ठेवलाय.

हा हुआनेलोही क्रेमोनाचाच, मास्तरांच्या जेरार्डसारखा.

रंगरेषा – ५ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

पंपवाले काका __/\__

बिल अडकवायची टोलेडोत परंपराच दिसते! काका ज्या चित्राच्या दारातून परत आले त्याची गोष्ट सांगते, म्हणजे त्यांना अजून हळहळ वाटेल.

ओर्गासचा सरदार १३२३ मध्ये वारला. त्याने लिहून ठेवलं होतं की ओर्गास गावाने दरवर्षी सांतो तोमे चर्चला काही रोकड, दोन मेंढे, सोळा कोंबड्या, दोन बुधले दारू आणि दोन गाड्या सरपण द्यायचं. दोनशे वर्षं दिलं, मग गावाने हात आखडला. इथल्या पाद्र्याने कोर्टात खेचलं आणि १५६९ मध्ये जिंकला. मग ह्या सरदाराची महती लोकांना परत आठवावी म्हणून त्याने एल ग्रेकोला चित्र सांगितलं, १५८६ मध्ये. म्हणजे जगातल्या थोर चित्रांपैकी एकाच्या मुळाशी सोळा कोंबड्यांची थकबाकी आहे.

दंतकथा अशी की सरदाराला मूठमाती द्यायला स्वर्गातून दोन संत उतरले. चित्र पावणेपाच मीटर उंच. खाली काळ्या कपड्यांतले टोलेडोकर ओळीने उभे, एकाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही, आणि गंमत म्हणजे संत आलेत याचं कुणालाही विशेष आश्चर्य वाटलेलं दिसत नाही. जरीच्या झग्यातला संत वाकून चिलखतातलं प्रेत उचलतोय, आणि चिलखताच्या पत्र्यात त्या झग्याचं प्रतिबिंब पडलंय. तेवढंच पाहायला मी दोनदा रांगेत उभी राहिले. डावीकडे खाली मशाल धरलेला मुलगा चित्रकाराचा स्वतःचा, होर्खे मान्वेल. त्याच्या खिशातल्या रुमालावर सही आणि १५७८ साल आहे, ते चित्राचं नव्हे, मुलाच्या जन्माचं.

मोबदला ठरवायला माणसं बसली, त्यांनी १२०० दुकात (सोन्याची नाणी) सांगितले. पाद्री म्हणाला फार होतात, फेरमूल्यांकन करा. फेरमूल्यांकनात १६०० निघाले! मग मुकाट्याने १२०० वर मिटलं.

आणि ‘एल ग्रेकोचं घर’ म्हणून जे संग्रहालय आहे ते त्याचं घर नव्हे, जवळचं दुसरं आहे. आतली चित्रं मात्र खरी.

तिरसट_काका – ५ नोव्हेंबर, सकाळी १०:४१

हळहळ वाटली. धन्यवाद.

सांजवेळ – ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

काय एकेक प्रतिसाद आहेत! माझा लेख प्रस्तावनेपुरताच होता असं वाटायला लागलंय.

@गूळपोळी, शाकाहारी: ‘पिस्तो’ मागव. टोमॅटो, ढोबळी मिरची, कांदा, कोहळ्याच्या जातीची भाजी मंद आचेवर शिजवलेली. वर अंडं घालतात, नको असेल तर आधीच सांग. बटाट्याचं जाड ऑम्लेट सगळीकडे. ला मांचा प्रांत जवळच, त्यामुळे मांचेगो चीज आणि केशर. आणि वांग्याचं लोणचं! आल्माग्रो गावची बोटभर वांगी देठासकट व्हिनेगर, जिरं, लसूण घालून मुरवलेली. आईने हॉटेलात पहिला घास घेतला आणि म्हणाली, “ह्यांना जिरं कुणी शिकवलं?” ‘कार्कामूसास’ मात्र डुकराच्या मांसाचं असतं, नावाला भुलू नका.

मझापान, म्हणजे आपल्या बदामाच्या वडीची थोरली बहीण. साखर आणि बदाम, निम्म्याहून कमी बदाम असतील तर ‘टोलेडोचं’ म्हणता येत नाही. दुकानात न घेता कॉन्व्हेंटात, म्हणजे नन्सच्या मठात, घ्या. आत गेलं की भिंतीत लाकडी फिरतं कपाट असतं, घंटा वाजवायची. आतून आवाज येतो, “आवे मारिया पुरीसिमा.” आपण काय हवं ते सांगायचं, पैसे कपाटात ठेवायचे, कपाट फिरतं आणि खोका समोर येतो. माणूस दिसत नाही. आईला हे फार आवडलं, म्हणाली, “सोवळ्यातलं आहे अगदी.” नाताळात वेटोळं घातलेल्या ईल माशाच्या आकाराचं मोठं मझापान करतात, डोळे-खवल्यांसकट. तो खोका उघडून आईने लगेच बंद केला. “सापाला सुरी कशी लावायची गं?”

पणजीकार – ५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मझापान आमच्याकडे आणि वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतही करतात, पण बदामाऐवजी काजूचं. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. ईस्टरच्या अंड्यांचं बघून तुमच्या आईंना बरं वाटेल, तिथे साप नसतो.

दोनाचे_तीन – ६ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

डिसेंबरमध्ये जातोय, मुलगी सव्वा वर्षाची आहे. बाबागाडी चालेल का? एक रात्र राहायचं की नाही यावर घरात मतदान सुरू आहे.

सांजवेळ – ६ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

बाबागाडी हॉटेलात ठेवून द्या, छातीला बांधायची झोळी न्या. रस्ते गोट्यांचे आहेत, माझ्या बॅगेचं एक चाक तिथेच कुठेतरी आहे. मतदानात माझं एक मत धरा. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, थंडी चांगली असते, पण बोळांतले दिवे लागल्यावर बाहेर पडाच.

सान हुआन दे लोस रेयेस चुकवू नका. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या टांगल्यात, ग्रनादाच्या लढाईत सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या पायातल्या. राणी इसाबेल आणि राजा फर्नांदोने तो मठ स्वतःच्या समाधीसाठी बांधायला घेतला होता, मग ग्रनादा जिंकल्यावर बेत बदलला आणि दोघं तिकडेच पुरले गेले. आतलं संत्र्यांच्या झाडांचं अंगण लहान मुलीला पळायला छान आहे.

माद्रिदचा_बंडू – १७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतोय.

बायको हा धागा वाचत होती. “अकरा वर्षांत तू मला एकदाही तिथे राहायला नेलं नाहीस” एवढंच म्हणाली. परवाच्या शनिवारी एक रात्र राहून आलो.

गर्दी साडेसहापर्यंत होती, सहापर्यंत नव्हे, ही दुरुस्ती करून घ्या. बाकी बरोबर आहे. रात्री अकराला सांता मारिया ला ब्लांकाच्या दारावरून गेलो, रस्त्यावर एक मांजर आणि आम्ही दोघं. सकाळी आठला सान मार्तिन पुलावर धुकं होतं, नदी दिसतच नव्हती, नुसता आवाज. मी हा पूल नऊ वेळा बसमधून पाहिलाय. तिला आवाज आहे हे माहीत नव्हतं.

कॉन्व्हेंटात कपाटामागच्या बाईंना मी अकरा वर्षांच्या माज असलेल्या स्पॅनिशमध्ये अर्धा किलो मागितलं. त्यांनी आतून माझं व्याकरण सुधारलं आणि मग कपाट फिरवलं.

तिरसट_काका – १७ नोव्हेंबर, रात्री १०:३४

तलवार घेतली का?

माद्रिदचा_बंडू – १७ नोव्हेंबर, रात्री १०:३६

वांग्याचं लोणचं घेतलं. दोन बरण्या. एक संपली.